गोळी लागू पडते. पण कशी, कुणाला आणि कधीपर्यंत?

नैराश्याची गोळी पहिल्यांदा लिहून मिळाली की तीन प्रश्न हमखास येतात. ही गोळी नक्की करते काय? मला लागू पडेल का? आणि किती दिवस घ्यायची, पुढे सुटेल ना? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरीच वर्षं तयार होतं: मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी पडलंय, गोळी ते भरून काढते, मधुमेहात इन्सुलिन घेतात ना, तसंच. दुसऱ्याचं उत्तर असायचं, ‘बघू या.’ आणि तिसऱ्याला, ‘सध्या सुरू ठेवा, पुढचं पुढे.’

गंमत अशी की सगळ्यांत ठामपणे दिलेलं पहिलं उत्तरच डळमळीत निघालं. दुसरं गुळमुळीत वाटायचं, पण तेच प्रामाणिक होतं. आणि तिसऱ्या प्रश्नाकडे संशोधकांचं नीट लक्ष गेलं ते अगदी अलीकडे. मानसोपचारात आज जे वाद चालू आहेत त्यातले बरेचसे या तीन प्रश्नांभोवती फिरतात, म्हणून तेच धरून बोलू.

रसायन कमी पडल्याची गोष्ट

मुळात औषध आधी सापडलं आणि त्याचं कारण नंतर शोधलं गेलं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयप्रोनियाझिड नावाचं नवं औषध देऊन पाहत होते. खाटेला खिळलेली माणसं त्याने अचानक उत्साही झाली, त्यांना भूक लागू लागली, वॉर्डात हसणं-बोलणं सुरू झालं. त्यानंतर थोड्याच वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून हे मानसोपचारतज्ज्ञ इमिप्रामिन नावाचं औषध स्किझोफ्रेनियावर चालतं का ते पाहत होते. तिथे ते फसलं. काही रुग्ण उलट जास्तच बेचैन झाले. कून यांनी मग तेच नैराश्याच्या रुग्णांना दिलं आणि १९५७ साली त्याचे चांगले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही औषधं दुसऱ्याच आजारासाठी निघाली होती आणि वाटेत नैराश्याला जाऊन भिडली.

ही औषधं चेतापेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या रसायनांची उपलब्धता वाढवतात, हे पुढे कळलं. मग तर्क उलट्या दिशेने चालवला गेला: औषधाने अमुक रसायन वाढतं आणि माणूस सुधारतो, त्याअर्थी आजारात ते कमी झालेलं असणार. १९६५ साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरएपिनेफ्रिन या अशाच निरोप्या रसायनाबद्दल हे मांडलं, १९६७ साली अ‍ॅलेक कॉपेन यांनी सेरोटोनिनवर भर दिला. शिल्डक्राउट यांनी त्याच लेखात बजावलं होतं की ही मांडणी म्हणजे फार तर एका अतिशय गुंतागुंतीच्या अवस्थेचं अतिसुलभीकरण आहे. पण १९८७च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिन या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या नैराश्याच्या गोळीला परवानगी मिळाली, त्या जातीच्या औषधांचा खप प्रचंड वाढला आणि जाहिरातींच्या गदारोळात ही सावधगिरीची ओळ कुठल्या कुठे वाहून गेली.

२०२२ साली जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेऊन सांगितलं की नैराश्यात सेरोटोनिन कमी झालेलं असतं याचा खात्रीलायक पुरावा सापडत नाही. या विषयात मुरलेल्यांना यात नवल वाटलं नाही. बाहेर मात्र खळबळ उडाली आणि पुष्कळांनी त्यातून एक निष्कर्ष परस्पर काढला: म्हणजे गोळ्याही खोट्या!

इथे थांबायला हवं. मोडलेल्या पायाला कुबडीचा आधार होतो. पाय कुबडीच्या अभावामुळे मोडला होता, असं त्यावरून ठरत नाही. आणि तसं ठरलं नाही म्हणून कुबडी निरुपयोगीही होत नाही. आजार कशाने होतो, औषध शरीरात काय करतं आणि औषधाने बरं वाटतं का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. आढावा पहिल्याबद्दल होता. गोळी परिणाम करते की नाही हे त्यावरून कळणारच नव्हतं, त्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतात आणि त्या भरपूर झालेल्या आहेत.

मग गोळी करते तरी काय? सेरोटोनिन पेशीत परत ओढून घेणारा जो पंप असतो, त्याला ती अडवते. इथपर्यंत शंका नाही. कोडं पुढे आहे. पंप काही तासांतच अडतो, आणि माणसाला बरं वाटायला दोन ते सहा आठवडे लागतात. मधल्या काळात काय घडतं? एक मत असं की चेतापेशींमधले जोड हळूहळू नव्याने जुळू लागतात, मेंदूची लवचिकता वाढते. ऑक्सफर्डच्या कॅथरीन हार्मर यांच्या गटाने दुसरी, मला जास्त रोचक वाटणारी बाजू पुढे आणली. नैराश्यात माणसाला समोरच्या चेहऱ्यावर नाराजीच आधी दिसते, बोलण्यातला टोमणाच आधी ऐकू येतो. औषधाच्या अगदी पहिल्या काही मात्रांनंतरच हा कल बदलू लागल्याचं त्यांच्या प्रयोगांत दिसलं, माणसाला स्वतःला काही फरक जाणवण्याच्या कितीतरी आधी. म्हणजे गोळी थेट मूड उचलत नसावी. ती जगाकडे बघण्याचा चष्मा थोडा पुसते आणि मग रोजच्या अनुभवांतून मूड सावरायला वेळ लागतो. हे खरं असेल तर त्या आठवड्यांत माणूस कोणत्या अनुभवांत वावरतो यालाही महत्त्व येतं. अंधाऱ्या खोलीत पुसलेला चष्मा काय कामाचा? अर्थात ही अजून उपपत्ती आहे.

किती लागू पडते?

२०१८ साली आंद्रेआ चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी ५२२ चाचण्यांचा, म्हणजे १,१६,४७७ रुग्णांचा हिशोब एकत्र मांडला. त्यात २१ औषधं होती आणि सगळीच प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या हुबेहूब गोळीपेक्षा, सरस ठरली. बातम्या आल्या: वाद मिटला. तो मिटला नव्हता, कारण वाद ‘सरस का’ याचा कमी आणि ‘कितीने सरस’ याचा जास्त होता.

नैराश्य मोजायला हॅमिल्टन यांची १९६०ची मोजपट्टी अजून वापरली जाते. सतरा प्रश्न, जास्तीत जास्त ५२ गुण. औषध आणि प्लासिबो यांच्यातला सरासरी फरक या पट्टीवर जेमतेम दोन गुणांच्या आसपास भरतो. आयर्विंग कर्श यांनी २००८ साली हेच दाखवून म्हटलं की एवढा फरक रुग्णाला जाणवणारही नाही. आता या पट्टीवर एकट्या झोपेच्या प्रश्नांना सहा गुण आहेत. म्हणजे उदासी जिथल्या तिथे राहून नुसती झोप सुधारली तरी गुण दोनपेक्षा जास्त उतरतील. उलट एखाद्याला सकाळी उठून कामाला लागावंसं वाटू लागलं, तर ती त्याच्या आयुष्यातली मोठी गोष्ट असते आणि पट्टीवर ती एक-दोन गुणांतच मावते. मोजपट्टीच अशी असेल तर दोन गुण थोडे की पुष्कळ, यावर दोन्ही बाजूंनी हवं तेवढं भांडता येतं, आणि लोक भांडतातही.

शिवाय सरासरी फसवी असते. प्रत्येकाला दोन-दोन गुणांचा फायदा झाला तरी सरासरी दोन येईल, आणि थोड्यांना घसघशीत व बाकीच्यांना काहीच नाही, तरीही दोनच येईल. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेकडे म्हणजे एफडीएकडे जमा असलेल्या २३२ चाचण्यांतल्या ७३ हजारांवर रुग्णांच्या नोंदी २०२२ साली एकेक करून तपासल्या गेल्या. चित्र दुसऱ्या शक्यतेकडे झुकणारं निघालं: प्लासिबोने जेवढं झालं असतं त्याच्या वर, औषधामुळे ठळक सुधारणा झालेले रुग्ण साधारण १५ टक्के. हा आकडा वाचून हिरमुसायला होतं. पण प्लासिबो गटातही पुष्कळ जण सुधारतात, काळ जातो, कुणीतरी दर आठवड्याला आस्थेने विचारपूस करतं, आणि नैराश्याचे झटके बऱ्याचदा आपोआपही ओसरतात, हे त्यात धरायला हवं. दवाखान्यात गोळी घेणाऱ्याला हे सगळं मिळून मिळतं.

एक चाचणी मला फार बोलकी वाटते. ब्रिटनमध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांकडे आलेल्या ६५५ जणांवर सर्ट्रालिन हे नैराश्याचं औषध तपासलं गेलं, निष्कर्ष आला २०१९ साली. सहा आठवड्यांनी नैराश्याच्या लक्षणांत म्हणावा तसा फरक नव्हता. पण चिंता, धाकधूक कमी झाली होती, आणि ‘आधीपेक्षा बरं वाटतं’ असं म्हणणारे औषधाच्या गटात जास्त होते. औषध काम करत होतं, फक्त त्याच्या डब्यावर लिहिलेलं काम आधी करत नव्हतं!

आणि हे सगळे आकडे ज्या चाचण्यांवर उभे आहेत त्यांचीही एक कथा आहे, ती टाळून चालणार नाही. एरिक टर्नर यांनी २००८ साली एफडीएकडे नोंदलेल्या ७४ चाचण्या आणि प्रत्यक्ष नियतकालिकांत छापून आलेले लेख शेजारी शेजारी ठेवले. एफडीएच्या मते ३८ चाचण्यांत औषध यशस्वी होतं. त्यातल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ अयशस्वी किंवा संदिग्ध होत्या. त्यांतल्या २२ छापल्याच गेल्या नाहीत आणि ११ यश मिळाल्यासारख्या रंगवून छापल्या. जसं होतं तसं सांगितलं ते फक्त तिघांत. लेख वाचून औषध लिहिणाऱ्या डॉक्टरला वाटणार, शंभरातल्या चौऱ्याण्णव चाचण्या यशस्वी. खरं प्रमाण निम्म्याच्या किंचित वर. आता चाचणी सुरू करण्याआधीच तिची जाहीर नोंद करावी लागते, त्यामुळे नव्या औषधांच्या बाबतीत हा प्रकार कमी झालाय.

कुणाला?

थोड्यांना खूप फायदा होत असेल तर ते थोडे कोण, हे आधीच ओळखता आलं की काम झालं. नेमकं तिथेच घोडं अडलंय.

अडचणीचं मूळ ‘नैराश्य’ या शब्दातच आहे. निदानासाठी नऊ लक्षणांची यादी असते. त्यातली निदान पाच हवीत, आणि उदासी किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक असायलाच हवं. एकाला झोप नाही, भूक नाही, वजन उतरलेलं. दुसरा दिवसभर झोपतो, खा-खा करतो, अंग जड झालेलं. दोघांच्या कागदावर निदान एकच. स्टार-डी नावाच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासातल्या ३,७०३ रुग्णांची लक्षणं २०१५ साली कुणी ताडून पाहिली, तर १,०३० वेगवेगळ्या जुळण्या निघाल्या. सगळ्यांत जास्त आढळलेली जुळणीसुद्धा दोन टक्क्यांहून कमी जणांत होती. एवढ्या निरनिराळ्या गोष्टी एका पिशवीत भरून वर एकच लेबल लावल्यावर एक औषध सगळ्यांना कसं लागू पडावं?

पिशवी उलगडायचे प्रयत्न जोरात चालू आहेत. ‘नैराश्याचं जनुक’ शोधण्याचा नाद एकेकाळी होता. २००३ साली सेरोटोनिनच्या पंपाशी निगडित एका जनुकावर मोठी आशा बांधली गेली. २०१९ साली लाखोंच्या नमुन्यांत असली ‘लाडकी’ जनुकं पुन्हा तपासली, तेव्हा त्यांचा प्रभाव योगायोगापेक्षा वेगळा निघाला नाही. २०२५ साली आलेल्या जागतिक अभ्यासात जवळपास सात लाख रुग्णांची जनुकं तपासून नैराश्याशी संबंधित सुमारे ७०० जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा नखाएवढा. यावरून एखाद्या माणसाला नैराश्य येईल की नाही हे सांगता येत नाही. आजाराची जीवशास्त्रीय वाट कुठून जाते हे शोधायला मात्र त्या उपयोगी पडतील.

संगणकाचीही मदत घेऊन झाली. २०२४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात स्किझोफ्रेनियाच्या औषधांबद्दल आलेला एक अभ्यास डोळे उघडणारा आहे. कोणता रुग्ण सुधारेल याचं भाकीत करणारी प्रारूपं ज्या चाचणीच्या माहितीवर शिकवली, तिच्यातल्या रुग्णांबद्दल झकास अंदाज सांगत. तीच दुसऱ्या चाचणीतल्या रुग्णांवर वापरली की अंदाज नाणं उडवल्यासारखे. ‘आमचं एआय योग्य गोळी निवडून देतं’ अशी जाहिरात दिसली तर ते बाहेरच्या रुग्णांवर तपासलंय का, एवढं विचारावं.

तोवर निवड होते ती अजूनही अंदाजाने: आधी कोणतं लागू पडलं होतं, झोप हवी आहे की तरतरी, वजन वाढलेलं चालेल का, लैंगिक इच्छा कमी होण्याचा त्रास सोसवेल का. काहींना दुःखाबरोबर आनंदही बोथट झाल्यासारखा वाटतो. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, त्यामुळे पहिले काही आठवडे जवळून लक्ष ठेवावं लागतं. एफडीएने हा इशारा २००४ साली मुलांसाठी दिला आणि २००७ साली तरुणांपर्यंत वाढवला. स्टार-डीमध्ये पहिल्या औषधाने लक्षणं जवळपास नाहीशी झाली ती साधारण एकतृतीयांश रुग्णांची. म्हणून पहिली गोळी चालली नाही तर ‘माझं काहीच होणार नाही’ असं समजायचं कारण नाही, पहिली गोळी पुरी न पडणं बहुतेकांच्या बाबतीत घडतं.

नव्या औषधांचं थोडक्यात. भुलीसाठी वापरल्या जाणाऱ्या केटामाइनने आठवड्यांऐवजी काही तासांत फरक पडतो, आणि त्याचाच भाऊ एस्केटामाइन नाकात मारायच्या फवाऱ्याच्या रूपात २०१९ साली अमेरिकेत मंजूर झाला. परिणाम लवकर येतो, तसा लवकर ओसरतोही. सायलोसायबिनसारख्या भ्रम निर्माण करणाऱ्या द्रव्यांवर उत्सुकता खूप आहे, पण चाचणीच अवघड आहे: भिंती हलताना दिसू लागल्यावर आपल्याला खरं औषध मिळालं की प्लासिबो, हे कुणाला कळणार नाही? आघातानंतरच्या मानसिक त्रासावर एमडीएमए हे नशेसाठीही वापरलं जाणारं द्रव्य देण्याचा प्रस्ताव एफडीएने ऑगस्ट २०२४मध्ये नाकारला, त्याच्या चर्चेत हा मुद्दा कळीचा होता.

आणि सोडायची कशी?

औषधाच्या बहुतेक चाचण्या सहा ते बारा आठवडे चालतात. माणसं गोळी घेतात वर्षानुवर्षं. चाचणीचं बळ सगळं ‘सुरू करावी का’ या प्रश्नावर खर्च झालं. ‘कधी आणि कशी थांबवावी’ याला कुणी वाली नव्हता. औषध विकणाऱ्याला यात काय रस असणार!

२०२१ साली ब्रिटनमधून एक चांगली चाचणी आली. बराच काळ गोळी घेणारे, सध्या बरे असलेले आणि सोडायचा विचार करत असलेले ४७८ जण. निम्म्यांची गोळी चालू ठेवली, निम्म्यांची हळूहळू कमी करत प्लासिबोवर आणली; कुणाला काय मिळतंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वर्षभरात नैराश्य परत आलं: चालू ठेवणाऱ्यांत ३९ टक्के, सोडणाऱ्यांत ५६ टक्के. यातून आपापल्या सोयीचं वाचता येतं. गोळी संरक्षण देते, हे खरं. गोळी चालू असूनही शंभरातल्या ३९ जणांचं दुखणं उलटलं आणि सोडूनही ४४ जण ठीक राहिले, हेही तितकंच खरं.

त्यात एक गुंता आहे. गोळी सोडल्यावर जो त्रास होतो तो आजार परतल्याचा की गोळी सुटल्याचा? दोन्हींत झोप बिघडते, चिडचिड होते, रडू येतं. ओळखायच्या खुणा आहेत. सुटण्याचा त्रास साधारण काही दिवसांत सुरू होतो आणि त्यात आजारात नसलेल्या गोष्टी असतात: गरगरणं, मळमळ, भडक स्वप्नं, आणि डोक्यात क्षणभर वीज चमकून गेल्यासारखा विचित्र झटका. गोळी पुन्हा सुरू केली की हे बहुधा दिवस-दोन दिवसांत थांबतं. आजार परततो तो सहसा आठवड्या-महिन्यांनी, पावलापावलाने. पण ही ओळख न पटल्यामुळे कितीतरी जणांना ‘बघा, गोळीशिवाय तुमचं चालत नाही’ असं ऐकावं लागलं असणार.

असा त्रास किती जणांना होतो यावरही रण माजलं. २०१९ साली निम्म्याहून अधिक लोकांना होतो असा दावा झाला. २०२४ साली ७९ अभ्यासांच्या आढाव्यात गोळी सोडणाऱ्यांत ३१ टक्के, आणि प्लासिबो सोडणाऱ्यांतही १७ टक्के जणांनी त्रास सांगितला. वजाबाकी केली तर सहा-सात जणांत एकाला औषध सुटल्यामुळे त्रास. तीव्र त्रास साधारण ३५ जणांत एकाला. टीकाकारांचं म्हणणं, यातल्या पुष्कळशा अभ्यासांत माणसांनी औषध काही आठवडेच घेतलेलं होतं, वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं गणित यावरून मांडू नका. हा आक्षेप मला रास्त वाटतो.

कशी सोडावी याचं गणित मात्र सांगण्यासारखं आहे, कारण ते अपेक्षेच्या उलट आहे. मेंदूच्या स्कॅनमध्ये सेरोटोनिनचे किती टक्के पंप अडलेत ते मोजता येतं. सिटालोप्राम नावाचं नैराश्याचं औषध ४० मिलिग्रॅम घेतलं तर सुमारे ८६ टक्के. निम्मं केलं, २०वर आणलं, तरी ८०. साधारण ९ मिलिग्रॅमला ७०. आणि सव्वादोन-अडीचएवढ्या चिमूटभर मात्रेलाही ४०च्या आसपास. म्हणजे ४०वरून २०वर येणं हा उतार फार सौम्य असतो. खरा कडा असतो शेवटच्या काही मिलिग्रॅमचा. आणि लोक कड्यावरूनच उडी मारतात, कारण सगळ्यांत लहान गोळीनंतरची पायरी ‘शून्य’ अशीच शिकवलेली असते. ‘आता अर्धीच तर घेतोय, उद्यापासून बंद,’ असं म्हणणाऱ्याला त्रास का होतो याचं उत्तर या आकड्यांत असू शकतं. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी २०१९ साली हा युक्तिवाद मांडला: दर वेळी ठरावीक मिलिग्रॅम न उतरवता उरलेल्या मात्रेचा ठरावीक हिस्सा उतरवा, म्हणजे पायऱ्या लहान लहान होत जातात. ब्रिटनच्या २०२२च्या उपचार-मार्गदर्शिकेत साधारण हीच पद्धत आली.

औषधाची जातही बघावी लागते. फ्लुओक्सेटिन शरीरात आठवडे रेंगाळतं, त्यामुळे स्वतःच हळू उतरतं. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन झटकन निघून जातात. एक दिवस विसरलं तरी काहींना कळतं. त्याच कारणासाठी ‘एक दिवसाआड गोळी’ ही पुष्कळदा सांगितली जाणारी युक्ती या औषधांना चालत नाही: मात्रा हळूहळू उतरण्याऐवजी रोज वरखाली झोके घेते.

सोडताना सोबत दुसरं काही असेल तर? २०१५ साली ब्रिटनमधल्याच ४२४ जणांवरच्या चाचणीत एका गटाने गोळी चालू ठेवली, दुसऱ्याने सजगतेवर (माइंडफुलनेसवर) आधारलेलं आठ आठवड्यांचं गटप्रशिक्षण घेत गोळी कमी केली. दोन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण ४७ आणि ४४ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. गोळीची जागा कशाने तरी भरून निघू शकते, निदान काहींच्या बाबतीत.

राहिला व्यवहार. सव्वादोन मिलिग्रॅमची गोळी दुकानात मिळत नाही. काही औषधं पातळ स्वरूपात येतात, त्यांत थेंब मोजता येतात. नेदरलँड्समध्ये दिवसागणिक उतरत्या मात्रांच्या पुड्यांच्या माळा तयार करून दिल्या जातात. बाकी ठिकाणी लोक गोळीचे सुरीने तुकडे करतात, कॅप्सूल उघडून आतले मणी मोजतात, आणि मंदपणे विरघळणाऱ्या गोळीचे असे तुकडे केले तर ती एकदमच विरघळते हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. त्यामुळे सोडायचं मनात आलं की आधी लिहून देणाऱ्या डॉक्टरकडे जाऊन ‘माझ्या औषधाची सगळ्यांत लहान मात्रा कोणती, आणि तिच्या खाली कसं उतरायचं?’ हा प्रश्न विचारावा. उत्तर द्यायला त्यांनाही थोडी शोधाशोध करावी लागेल.